एका रेघेचं बिल

मागे एका पार्टीचा फोन आला. पार्टी म्हणजे आमच्या नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीच्या भाषेतली, जिची ऑर्डर असते ती. डायचं, म्हणजे प्रेसवर पार्टला आकार देणाऱ्या साच्याचं, ड्रॉईंग पाठवून झालेलं, अप्रूव्हही झालेलं, आणि आता त्यांना एका कोपऱ्यातला रेडियस, म्हणजे गोलाई, थोडा वाढवून हवा होता. "मॅडम, दोन मिनिटांचं काम आहे हो, एक रेघ तर बदलायचीय, त्याचं काय वेगळं बिल लावता?" माणूस वाईट नाही, पेमेंट वेळेत करतो, दिवाळीला चिवड्याचं पाकीट न चुकता पाठवतो. मीही हसून "हो हो, पाठवते" म्हटलं. आणि खरं सांगायचं तर काम दोन मिनिटांचंच होतं, आकडा बदलला, रिबिल्ड मारलं, पीडीएफ केली, मेल टाकला, संपलं. पण नंतर दिवसभर ते वाक्य दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं टोचत राहिलं. कारण तो रेडियस किती वाढवला की पार्ट नीट सुटेल आणि किती वाढवला की शेजारची भिंत पातळ होऊन हार्डनिंगमध्ये, म्हणजे डाय तापवून कडक करताना, तडा जाईल, हे कळायला काही दोन मिनिटं लागलेली नाहीत.

मी ज्यांच्या हाताखाली शिकले ते आमचे साहेब ड्राफ्टिंग बोर्डच्या जमान्यातले. मी लागले तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटर आलेले होते, पण साहेबांचा बोर्ड खिडकीशी तसाच होता, आणि आतल्या खोलीत ड्रॉईंगच्या कॉपी काढायचं अमोनिया प्रिंटचं मशीन, त्याचा वास असा की सर्दी असली तरी नाक मोकळं व्हायचं. साहेब पेन्सिलीचं टोक सँडपेपरच्या तुकड्यावर घासून चपटं करायचे, फुंकर मारायचे, ट्रेसिंग पेपरवरून तळहात फिरवायचे, आणि मग काहीच करायचे नाहीत. नुसते बसायचे. बाहेर टेम्पो लागलेला असायचा, हमालांची आरडाओरड चाललेली, साहेब तिकडे बघतायत. नवीन माणसाला वाटायचं म्हाताऱ्याला डुलकी लागली. मग एकदम वाकून एक लांब सलग रेघ ओढायचे, रबर न वापरता, आणि ती रेघ पुढे कुणाला हलवायची गरज पडायची नाही.

त्या नुसत्या बसण्याचं बिल त्यांनी कधी कुणाला लावलं नाही.

असं काही झालं की मला हल्ली हमखास ब्रूस कर्बी आठवतो. आता नाशिकच्या डाय डिझायनर बाईचा आणि कॅनडातल्या शिडाच्या बोटी काढणाऱ्या माणसाचा काय संबंध, तर काहीच नाही. टोकियो ऑलिंपिक चालू होतं, २०२१ चा जुलै, करोनाने सगळे घरात बसून कंटाळलेले, तेव्हा मी मोबाईलवर चेन्नईच्या नेत्रा कुमाननच्या रेसचे तुकडे बघत होते. सेलिंगमध्ये ऑलिंपिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय बाई, एवढंच ऐकून माहीत होतं. नियम काही कळत नव्हते, कोण पुढे कोण मागे तेही कळत नव्हतं, पण एक गोष्ट डोळ्यात भरली. सगळ्या बोटी सेम टू सेम. शीड तेच, डोलकाठी तीच, आकार तोच. डिझाईनवाल्या माणसाला हे पहिलं दिसतं, काय करणार. म्हटलं ही लेझर नावाची बोट काढली कुणी, म्हणून शोधत गेले तर कळलं की काढणारा नुकताच, म्हणजे १८ जुलैला, ९२ वर्षांचा होऊन गेला, आणि २५ तारखेला त्याच्या बोटी एनोशिमाच्या पाण्यात उतरल्या.

आणि एनोशिमा म्हणजे तेच बंदर जिथे १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये तो स्वतः कॅनडाकडून उतरला होता. १९५६ ला मेलबर्न, १९६४ ला टोकियो, दोन्ही वेळा फिन नावाच्या, एकट्याने चालवायच्या बोटीत, आणि १९६८ ला मेक्सिकोच्या वेळी स्टार बोटीत. मेडल एकदाही नाही. १९५६ च्या फिनमध्ये समोर डेन्मार्कचा पॉल एल्व्हस्ट्रॉम होता, ओळीने चार ऑलिंपिक गोल्ड मिळवणारा माणूस, त्याच्यापुढे कोणाचं काय चालणार. पण मला हे आवडतं की हा नुसता टेबलावर बसून बोटी काढणारा नव्हता, ओल्या कपड्यात कुडकुडलेला, वाऱ्याने फसवलेला, हरलेला माणूस होता. आमच्याकडे कसं, डिझायनर एसीत आणि डाय तुटल्यावर शिव्या खाणारा प्रेसवरचा ऑपरेटर वेगळा. कर्बीच्या बाबतीत दोघे एकच.

पेशाने तो पत्रकार. आधी वर्तमानपत्रात, मग अमेरिकेत सेलिंगच्या एका मासिकाचा संपादक. नेव्हल आर्किटेक्चर कुठल्याही कॉलेजात शिकला नाही. ओटावाला वाढला, आणि ओटावा काही समुद्रकाठी नाही. तिथे ओटावा नदी एका जागी पसरून तळ्यासारखी होते, त्या पाण्यावर हा लहानपणी शीड धरायला शिकला. हे वाचलं आणि मला आमचं नाशिकजवळचं गंगापूर धरण दिसायला लागलं. आपल्याकडे पाणी म्हटलं की एक तर रामकुंड, नाहीतर पुराच्या दिवसांत दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय ते. पाण्यावर जाऊन काही करायचं असतं हे डोक्यातच नसतं. पण पावसाळा सरता सरता संध्याकाळी धरणाच्या भिंतीवर उभं राहून बघा, पश्चिमेकडून वारा येतो आणि अख्ख्या पाण्यावर बारीक काळपट सुरकुत्या पळत येतात, इथे येतात, तिथे विरतात, ओढणी सांभाळावी लागते इतका वारा. सेलिंगवाले म्हणे याच काळ्या पट्ट्यांवर डोळा ठेवून असतात, जिथे पाणी काळं तिथे वारा. एवढं पाणी, एवढा वारा, आणि आम्ही तिथे जाऊन काय करतो तर मक्याचं कणीस खातो आणि बोट क्लबच्या मोटरबोटीत बसून सेल्फी काढतो. मीही तेच करते, लिंबू-तिखट जरा जास्त लावून. आपल्याच चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये गेला, पण वल्हं हातात धरलं ते सैन्यात गेल्यावर पुण्याला. असो, विषय तो नाही.

विषय त्या चित्राचा. १९६९ साली कर्बीला त्याच्या मित्राचा फोन आला, इयन ब्रूस, माँट्रियलचा इंडस्ट्रियल डिझायनर, स्वतः रेसर आणि बोटी बांधणारा. एका मोठ्या दुकानासाठी कॅम्पिंगचं सामान डिझाईन करायचं काम त्याच्याकडे आलं होतं, त्यात गाडीच्या टपावर बांधून नेता येईल अशी एक छोटी बोट हवी होती. बोलता बोलता कर्बीने समोरच्या पिवळ्या, आखलेल्या कागदावर ती काढली. फोन कानाला आहे आणि हात चाललाय. याच चित्राला पुढे लोक मिलियन डॉलर डूडल म्हणायला लागले, आणि गोष्ट सांगताना सगळे इथेच थांबतात, बघा कसं फोनवर बसल्या बसल्या काढलं! मला इथे राग येतो. कारण पुढे कर्बीने स्वतः सांगितलंय त्याच्या डोक्यात काय चाललं होतं, आणि ते ऐकलं की बसल्या बसल्या वगैरे काही राहत नाही.

त्याने धरलं होतं की चालवणारा माणूस साधारण ८० किलोचा असेल. एवढ्याशा बोटीत बोटीपेक्षा माणूसच जड असतो, म्हणजे आधी माणूस काढायचा आणि मग त्याच्याखाली बोट. मग पाण्याखाली जो भाग जातो तो मधे किती गोळा करायचा आणि टोकांकडे किती पसरवायचा. याला प्रिझमॅटिक कोएफिशिअंट म्हणतात, हा आकडा लहान ठेवला तर बोट मंद वाऱ्यात बरी चालते, मोठा ठेवला तर जोरात पळताना बरी. कर्बीने ०.५५ धरला. म्हणजे ना धड या टोकाला ना त्या टोकाला, आणि असा मधला आकडा धरायला खरी हिंमत लागते हे ज्याने कधी टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल ते, ठरवलंय त्याला विचारा. मग बुडाचा बाक, टोकापासून टोकापर्यंतचा, जास्त झाला तर बोट नुसती पाणी ढकलत बसते, कमी झाला तर लाटेत नाक खुपसते. आणि बाजू वर येताना किती बाहेर फाकवायच्या, कारण माणूस त्या काठावर बसून उलटा बाहेर झुकणार. १९५८ पासून तो इंटरनॅशनल १४ जातीच्या बोटी काढत होता, दरवेळी नवा मार्क, म्हणजे नवी आवृत्ती, दरवेळी आधीच्याची खोड काढून. त्यामुळे तो फोन चालू असताना हात जे काढत होता त्याच्या मागे निदान अकरा वर्षांचं बसणं होतं.

मग झालं काय, तर त्या दुकानाने बोट नकोच म्हणून सांगितलं.

हे मला फार ओळखीचं वाटलं. पण या दोघांनी कागद फेकला नाही. कर्बीच्या मासिकाने १९७० च्या ऑक्टोबरमध्ये विस्कॉन्सिनच्या लेक जिनिव्हाला एक रेस ठेवली, १००० डॉलरच्या आत मिळणाऱ्या बोटींची, आणि तिचं नाव अमेरिकाज टीकप. सगळ्यात श्रीमंत रेसचं नाव अमेरिकाज कप, म्हणून गरिबांचा हा चहाचा कप, संपादक विनोदी असणार. तिथे ही बोट पहिल्यांदा लोकांसमोर आली. शीड शिवलं होतं हान्स फोगने, हा मूळचा डेन्मार्कचा, एल्व्हस्ट्रॉमकडेच शिडं कापायला शिकलेला, आणि चालवायलाही तोच. पहिल्या दिवशी दुसरा आला. रात्री बसून त्याने शिडाचा कट बदलला आणि दुसऱ्या दिवशी पहिला आला. हा प्रसंग मी पुन्हा पुन्हा डोळ्यासमोर आणते, कुठल्यातरी खोलीत जमिनीवर शीड पसरलंय, फोग गुडघ्यावर बसून शिवण उसवतोय, कारण डायच्या ट्रायलनंतरची रात्र कशी असते ते मला पक्कं माहीत आहे. पहिल्या ट्रायलला पार्टच्या कडेला बर, म्हणजे धातूची कुसळं, आलेला असतो, पार्टी सकाळी येणार असते, आणि टूलरूममध्ये कोणीतरी दिवा खाली ओढून पॉलिश पेपर घासत बसलेलं असतं, चहावाला पोरगा पण घरी गेलेला असतो. मजा म्हणजे शीड बदललं, पण हल, म्हणजे बोटीचं मूळ अंग, तसाच राहिला, कागदावर होता तसा.

बोटीला लेझर हे नाव सुचवलं एका कॉलेजच्या पोराने, तेव्हा लेझर म्हणजे एकदम नवीन भानगड. १९७१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बोट शोमध्ये ठेवली आणि तिथल्या तिथे १४४ बोटींच्या ऑर्डरी आल्या. आजवर दोन लाखांच्या वर झाल्या. लांबी ४.२ मीटर, हलचं वजन ५९ किलो, शीड ७.०६ चौरस मीटर. डोलकाठीचे दोन तुकडे, एकात एक घालायचे, शिडाला शिवलेली बाही त्यावर मोज्यासारखी चढवायची, खोबणीत उभी करायची, झालं. डोलकाठी धरून ठेवायला तारा नाहीत, शीड वर ओढायला वेगळा दोर नाही. जे नसलं तरी चालेल ते काहीच नाही. मी त्याची ड्रॉईंगं बघितली तेव्हा मनातल्या मनात एक एक पार्ट काढून टाकायचा प्रयत्न केला, आमच्या धंद्यातली ही सवयच आहे, आणि कुठे हात घालायला जागा मिळाली नाही.

आता मला जे खरं विलक्षण वाटतं ते. इंटरनॅशनल १४ मध्ये काय, तर नियमाच्या चौकटीत राहून ज्याला जसं सुचेल तशी बोट बांधा, म्हणजे रेस अर्धी पाण्यावर आणि अर्धी ड्रॉईंग बोर्डावर. कर्बी त्या खेळातला पट्टीचा. आणि त्यानेच लेझर अशी काढली की तिच्यात पुन्हा डिझायनरने हात घालायचाच नाही. सगळ्या बोटी ठरलेल्या मोल्डमधून, बांधायचं कसं त्याचं एक मॅन्युअल, त्याबाहेर जायचं नाही. विकत घेणाऱ्याने एक भोक जास्त पाडायचं तरी नियम बघायचा. छोट्या वजनाच्या लोकांसाठी पुढे रेडियल आणि ४.७ नावाच्या बोटी आल्या, त्यातही हल तोच, फक्त शीड आणि डोलकाठीचा खालचा तुकडा बदलायचा. म्हणजे एकदा रेघ मारली आणि स्वतःलाच सांगितलं की आता बास. रिव्हिजन ए, रिव्हिजन बी करत झेडपर्यंत गेलेली ड्रॉईंगं ज्यांनी पाहिलीत त्यांना हे काय आहे ते कळेल. मला तर जमलं नसतं. आजही माझी जुनी डाय प्रेसवर चालताना बघितली की हात शिवशिवतात.

बोट सारखी केली की मग उरतो फक्त माणूस, आणि तो काही गोड नसतो. २००० ला सिडनीत शेवटच्या रेसमध्ये ब्रिटनचा बेन एन्स्ली आणि ब्राझीलचा रॉबर्ट शाईट, गोल्ड या दोघांतच. शाईट गुणांत पुढे. एन्स्लीने काय केलं, तर रेस जिंकायच्या भानगडीतच पडला नाही, शाईटचा वारा अडवत, त्याच्या वाटेत आडवा येत राहिला, त्याला मागे मागे ठेवलं, आणि गोल्ड घेतलं. नियमात बसणारं सगळं. मी नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला हे तर सोसायटीच्या पार्किंगसारखं झालं. पुढच्या वेळी २००४ ला अथेन्समध्ये शाईटने पुन्हा गोल्ड मिळवलं तेव्हा मला उगाचच बरं वाटलं, इतक्या वर्षांनी बघूनसुद्धा.

एनोशिमाला आपले चौघे होते, त्यातले दोघे कर्बीच्याच बोटीत. विष्णू सरवणन विसावा आला, नेत्रा पस्तिसावी. पेपरात दोन ओळी. मग २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत विष्णूला ब्राँझ मिळालं आणि नेहा ठाकूरला सिल्व्हर. ही नेहा मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याची मुलगी, शिकली कुठे तर भोपाळच्या तलावावर. भोपाळला समुद्र आहे का? नाही. मग मी पुन्हा गंगापूर धरणाकडे येते आणि गप्प बसते, कारण याच्यापुढे बोललं की घरातले म्हणतात तू का नाही शिकत मग, आणि मला पोहताही येत नाही.

पण सगळं गोडगोड नाही. प्रत्येक लेझरवर एक छोटी पट्टी असायची, डिझायनर म्हणून कर्बीचं नाव लिहिलेली, आणि बोटीमागे त्याला रॉयल्टी. अनेक वर्षं नीट चाललं. मग बिल्डर बदलले, हक्क विकले गेले, रॉयल्टी अडली, आणि बिल्डरचा डिझायनरशी करार असायलाच हवा ही अट क्लासच्या, म्हणजे ही बोट चालवणाऱ्यांच्या संघटनेच्या, नियमांतूनच काढून टाकली गेली, मतदान घेऊन. २०१३ मध्ये कर्बी कोर्टात गेला. वय ८४. त्याच सुमाराला त्याने ही बोट टॉर्च या नावाने पुन्हा आणायचा प्रयत्न केला, तीच बोट, तोच हल, तेच शीड, नाव तेवढं नवीन. ते काही धरलं नाही. पुढे ट्रेडमार्कच्या वेगळ्या भांडणात लेझर हे नावही ऑलिंपिकमधून गेलं, आता तिला त्या संघटनेच्याच नावाने आयएलसीए म्हणतात, मूळ लेझर ती ७, रेडियल ती ६ आणि ४.७ ती ४. म्हणजे बघा, नावही गेलं, नावाची पट्टीही गेली, आणि हल अजून तोच चाललाय.

याबद्दल मला नीट एका बाजूला जाता येत नाही. मतदान करणारे कोण होते, तर बोट चालवणारे. त्यांना स्वस्तात, वेळेवर बोट हवी, भांडण कोणाचं का असेना. नेहासारख्या पोरीला बोटीच्या किमतीतले दोन पैसे कोणाच्या रॉयल्टीला जातात याच्याशी काय घेणं, आणि असूही नये. त्याने स्वतःच अशी बोट केली ना, की डिझायनर मधे येऊ नये, मग आता लोकांनी त्याला मधून काढला तर तक्रार कशाची? असं एका बाजूने वाटतं. आणि लगेच दुसऱ्या बाजूने वाटतं की मेहरबानी करून गप्प बसा, त्याने रेघ बंद ठेवली म्हणून तुमची रेस खरी झाली, दरवर्षी नवीन मॉडेल काढून त्याला तुमच्याकडून भरपूर उकळता आलं असतं. नवरा अकाउंट्सवाला, तो म्हणतो चाळीस वर्षं घेतली की रॉयल्टी, अजून किती, आणि करार नीट करायला हवा होता. म्हटलं करार होता रे बाबा, सह्या होत्या, वकील होते, सगळं होतं. तर म्हणे मग चौऱ्याऐंशीव्या वर्षी कोण जातं कोर्टात, घरी बसायचं, नातवंडांना बोटीत फिरवायचं.

मी विचार करून बघितला. आपलं जिल्हा कोर्ट, सीबीएसजवळचं, ती पार्किंगची मारामारी, झेरॉक्सची दुकानं, वडापाव खात उभे वकील, तारीख पडली की परत पुढची तारीख, आणि मी चौऱ्याऐंशीची, हातात फाईल, फाईलमध्ये एक पिवळा कागद. गेले असते बहुतेक. पैशासाठी नाही हो, तत्त्वासाठी, असलं काही मी म्हणणार नाही, पैशासाठीसुद्धा गेले असते.